दरवर्षी त्याच कोपऱ्यात गांधीलमाशीचं पोळं होतंय? आधी जागा बघा, मग पोळं

पोळं पाडलं, जाळलं, फवारलं, सगळं करून झालं आणि तरी होळी झाली की परत त्याच वळचणीला, पत्र्याच्या त्याच कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढं नवीन पोळं लटकलेलं दिसतं, आणि कापूस वेचणीला येतो तोपर्यंत ते ताटलीएवढं झालेलं असतं. खानदेशात चोपडा, अमळनेर, यावल, रावेर, शिरपूर, कुठेही जा, जुनं धाब्याचं (सपाट मातीच्या छताचं) घर असो नाहीतर नवीन कॉलनीतला बंगला, ही तक्रार ऐकू येतेच. आणि प्रत्येक जण एकच विचारतो, की ह्या माश्या मरतील कशाने, कोणतं औषध मारू. औषधाने माश्या मरतात हो, पण औषध मारलेली ती जागा पुढच्या वर्षी दुसऱ्या माशीला तशीच मोकळी मिळते, म्हणून हे चक्र थांबत नाही. पोळं काढणं हे अर्धंच काम आहे, उरलेलं अर्धं त्या जागेचं आहे आणि ते कोणी करत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

त्याच जागी का येतात हे समजलं की पुढचं सोपं होतं. बहुतेक वेळा माश्या जुन्या पोळ्यात राहायला येत नाहीत, नवीनच बांधतात. पण जागा शोधणाऱ्या मादीला जे पाहिजे ते सगळं तिथे असतं. वरून पाऊस लागत नाही, दुपारचं थेट ऊन नाही, वारा कमी, आणि पाणी जवळ. पाणी हा मुद्दा आपल्याकडे सगळ्यात मोठा आहे आणि लोकांच्या लक्षातच येत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा ह्या माश्या पाणी नुसतं प्यायला नेत नाहीत, पोळ्यावर नेऊन थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालून पोळं गार ठेवतात, नाहीतर आतल्या अळ्या उष्णतेने मरतील. आता विचार करा, खिडकीला कूलर, कूलरचं गवत दिवसभर ओलं, खाली टपटप गळतंय, आणि त्याच्यावर पाच-सहा फुटांवर सज्जा. यापेक्षा चांगली जागा तिला दुसरीकडे मिळणार नाही.

दुसरं म्हणजे बांधकामाचं सामान. हे पोळं कागदाचंच असतं. जुनं करडं पडलेलं लाकूड, बांबू, वाळलेल्या काड्या दातांनी खरवडून, लाळेत कालवून, त्याचा पातळ कागद करून ती एकेक खण बांधते. उन्हाळ्यात जुन्या दाराच्या चौकटीवर माशी बसून बारीक कुरकुर आवाज करताना दिसली तर ती हेच करतेय. आणि आपल्याकडे तर घराला लागून पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळलेल्या कपाशीच्या, काड्यांचा ढीगच रचलेला असतो, चुलीला, पाणी तापवायला. म्हणजे सावली आपली, पाणी आपलं, सामान आपलं, आणि शेतात अळ्या आहेतच पिल्लांना खायला.

अजून एक गोष्ट माहिती पाहिजे. लोक म्हणतात राणी मारली की संपलं. तसं होत नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्याच एका कागदी गांधीलमाशीचा, रोपालिडिया मार्जिनाटा तिचं शास्त्रीय नाव, कित्येक वर्षं अभ्यास केला, त्यात दिसलं की राणी काढून घेतली तर कामकरी माद्यांपैकी एक लगेच आक्रमक होते, बाकीच्यांवर दादागिरी करते, आणि काही दिवसांत तीच राणी होऊन अंडी घालायला लागते. शिवाय ह्या जातीत वर्षभर केव्हाही एखादी मादी, एकटी किंवा दोन-चार जणी मिळून, नवीन पोळं सुरू करू शकतात. म्हणून दिवसाढवळ्या बांबूने पोळं पाडलं आणि अर्ध्या माश्या उडून गेल्या, तर ह्या उडालेल्याच आठवड्याभरात बाजूला नवीन बांधकाम काढतात. लोकांना वाटतं "परत आल्या", पण त्या गेलेल्याच नसतात.

आधी ओळखा, कोण आहे ते

सगळ्या एकच नाहीत, आणि चुकीच्या माशीला चुकीचा उपाय केला तर जीवावर बेतू शकतं, म्हणून हे टाळू नका.

खिडकीच्या चौकटीला, फोटोफ्रेमच्या मागे, स्विचबोर्डच्या बाजूला मातीचे गोळे किंवा नळ्या चिकटवलेल्या असतील तर ती कुंभारीण. ती एकटी राहते, कोळी किंवा अळी डंखाने लुळी करून त्या मातीच्या घरात पिल्लासाठी भरून ठेवते, आणि माणसाला हाताने दाबल्याशिवाय सहसा चावत नाही. तिच्यासाठी औषध-बिवषध काही लागत नाही, माती वाळलेली असली की उलथण्याने खरवडून टाका, झालं. फक्त प्लगच्या भोकात किंवा नळीत भरली असेल तर मेन स्विच बंद करून मगच काढा.

उघडे षटकोनी खण दिसताहेत, वर एका बारीक देठाने लटकलंय, आवरण काही नाही, माश्या सडपातळ, कमर बारीक, उडताना मागचे पाय लोंबताहेत, ही कागदी गांधीलमाशी. घराला होणारी बहुतेक पोळी हिचीच. त्या देठाला ती मुंग्या येऊ नयेत म्हणून स्वतःच्या अंगातला एक पदार्थ चोपडते. पोळ्याला धक्का लागला नाही तर ती सहसा अंगावर येत नाही.

तिसरी मोठी गांधीलमाशी. एक काळी, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा. दुसरी लालसर तपकिरी, पोटावर पिवळं, भर दुपारच्या उन्हातही फिरणारी, मिठाईच्या दुकानात, मटण-मासळीच्या गाळ्यावर घिरट्या घालते ती. ह्यांचं पोळं पुष्कळदा दिसतच नाही, भिंतीच्या पोकळीत, धाब्याच्या मातीत, झाडाच्या ढोलीत, जमिनीतल्या बिळात असतं, आणि बाहेर फक्त एक भोक आणि त्यातून सारखी ये-जा. काळी पट्टेवाली तर कागदी गांधीलमाशीच्या पोळ्यांवर धाड घालून अळ्या पळवते, त्यामुळे तुमच्या वळचणीच्या पोळ्याभोवती एखादी मोठी माशी घुटमळताना दिसली तर नवल नाही. मोठ्या गांधीलमाशीच्या पोळ्याला घरच्या घरी हात लावायचा नाही, एकदा नाही दहादा सांगतो.

आणि चौथं, आग्या मोहोळ. वडाला, जलकुंभाला, उंच इमारतीच्या सज्जाला एकच मोठं पोळं, वर माश्यांची थरथरणारी चादर. ती मधमाशी आहे, गांधीलमाशी नाही. धूर, दगड, फटाका, काहीच करू नका. हे मोहोळ मोसमाप्रमाणे जागा बदलतं, पुष्कळ वेळा काही महिन्यांत आपणहून जातं. त्रासाच्या जागी असेल तर मध काढणाऱ्या जाणकार माणसाला बोलवा. आपल्या राज्यात महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, मधपाळांना प्रशिक्षण तिथून मिळतं, जिल्ह्याच्या खादी ग्रामोद्योग कार्यालयात विचारलं तर जवळचा मधपाळ कोण ते कळू शकतं.

काढायचंच आहे का?

हे विचारायला लागतं कारण प्रत्येक पोळं काढायची गरज नसते. गोठ्याच्या मागच्या बाजूला, वर बारा-पंधरा फुटांवर, जिथे कोणी जात नाही, तिथलं राहू द्या. कागदी गांधीलमाशी आपल्या पिल्लांना अळ्या चारते, कपाशीच्या पानावरच्या, भरताच्या वांग्याच्या पानावरच्या, भाजीपाल्यावरच्या अळ्या उचलून, चावून, गोळा करून नेते. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसलेली असते म्हणून तिच्यावर फारसा उपयोग होत नाही, हे खरं, पण पानावरच्या अळ्यांना ती चांगली पुरते.

काढायचं केव्हा? दाराच्या वर, जिन्यात, पोरं खेळतात तिथे, गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेजवळ, बैल बांधतो त्या झाडाला (बांधलेल्या जनावराला पळता येत नाही, हे विसरू नका), पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत, आणि घरात कोणाला पूर्वी डंखाने जोरात त्रास झालेला असेल तर घराच्या आसपास कुठेही. मग मात्र "बघू नंतर" करू नका, कारण पावसाळ्यात अळ्या भरपूर, खायला भरपूर, आणि भाद्रपद-आश्विनापर्यंत पोळं सगळ्यात मोठं आणि माश्या सगळ्यात तापट झालेल्या असतात.

हे करू नका

जाळू नका. बांबूला बारदान गुंडाळायचं, रॉकेल नाहीतर डिझेल ओतायचं आणि पेटवून पोळ्याला लावायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. वर लाकडी सर (छताची तुळई), बाजूला कडबा, खाली काड्यांचा ढीग, आणि मे महिन्यात सगळं इतकं वाळलेलं की एक ठिणगी पुरते. आमच्या भागात एका खळ्यात असाच टेंभा लावला, जळतं पोळं खाली कडब्यावर पडलं, आणि माश्यांपासून वाचायला सगळे लांब पळालेले त्यामुळे आग विझवायला जवळ कोणीच नाही. गुरं सोडता आली म्हणून वाचली, पण वर्षाचा चारा गेला. पोळ्यापायी एवढं नुकसान कोणाचंही होऊ नये असं मनापासून वाटतं.

शेतातलं जहाल औषध घराला मारू नका. कपाशीला आणलेलं कीटकनाशक उरलंय म्हणून ओट्यावर, मोरीवर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ फवारणारे लोक आहेत. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले ते उघड्या शेतात, आणि आपण तसलंच विष डोक्याच्या वर, वाऱ्याच्या उलट्या दिशेला तोंड करून मारणार? ते सगळं खाली आपल्याच तोंडावर, भांड्यांवर, पोरांच्या खेळण्यावर येतं.

दगड मारू नका, पाण्याचा पाईप दिवसा मारू नका, आणि माशी पोळ्याजवळ चिरडू नका. पुष्कळ जातींत, विशेषतः मोठ्या गांधीलमाशीत, विषाच्या वासानेच बाकीच्यांना इशारा जातो आणि सगळ्या एकदम उठतात. एकदा "मोहय उठनं रे!" (मोहोळ उठलं रे) अशी आरोळी झाली की मग हात हलवत उभं राहायचं नाही, तोंड आणि मान झाकून सरळ पळायचं, घरात किंवा गाडीत शिरून दार लावायचं. विहिरीत किंवा पाटात उडी मारणं हा उपाय नाही, वर श्वास घ्यायला तोंड काढावंच लागतं, आणि पोहता येत नसेल तर बुडण्याची भीती वेगळीच.

काढायची रीत (फक्त छोट्या-मध्यम कागदी पोळ्यासाठी)

नाण्याएवढं पोळं, त्यावर एकच किंवा दोन-तीन माश्या, हे सगळ्यात सोपं. संध्याकाळी अंधार पडला की लांब बांबूने एका झटक्यात पाडायचं आणि मागे न बघता घरात. दुसऱ्या दिवशी जागा घासून घ्यायची. फाल्गुन-चैत्रात एवढंच करत राहिलं तर पुढचं काहीच करायची वेळ येत नाही.

हाताच्या पंजाएवढं झालं असेल तर रात्री काम करायचं, पूर्ण अंधार पडल्यावर तासाभराने, जवळजवळ सगळ्या माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात आणि अंधारात त्या नीट उडत नाहीत. पहाटे उजाडायच्या आधीही चालतं. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, त्यावर दुसरा शर्ट किंवा रेनकोट, पँट मोज्यात खोचलेली, बूट, हातमोजे, डोक्याला-तोंडाला जाळीदार कापड आणि डोळ्याला चष्मा. आपल्याकडे उन्हाचा रुमाल बांधायची सवय आहेच, तसाच बांधा पण डोळे उघडे ठेवू नका. बॅटरी सरळ पोळ्यावर मारायची नाही, कारण माश्या उजेडाच्या दिशेने येतात आणि उजेड तुमच्या हातात असतो. बॅटरीला लाल जिलेटीन पेपर लावा, लाल उजेड त्यांना जवळपास दिसत नाही. आणि हेडलाइट कपाळाला लावून जाणारा माणूस तर स्वतःच्या तोंडाचाच पत्ता देतोय. ओट्यावरचा बल्ब आधीच बंद करा, सगळी दारं-खिडक्या लावून घ्या, पोरं आणि म्हातारी माणसं आत.

मारायचं काय? दोन गोष्टी चालतात. एक, घरात डास-झुरळासाठी मिळतो तो स्प्रे, त्यात पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं आणि माशी लवकर पडते. पण त्याची धार लांब जात नाही, म्हणजे जवळ जावं लागतं, आणि तो गॅसवर चालतो, पेट घेतो, म्हणून जवळ बिडी, दिवा, चूल काही नको. दुसरं, जे मला जास्त पटतं, कपडे धुवायच्या पावडरचं दाट पाणी. साध्या पाण्याचा थेंब माशीच्या अंगावरून घसरतो, साबणाचं पाणी मात्र अंगाला चिकटतं आणि श्वासाच्या भोकांत शिरतं, माशी गुदमरते, आणि विष म्हणून आपल्याला काही त्रास नाही. शेतकऱ्याच्या घरी पाठीवरचा फवारणी पंप असतोच, त्याची नळी लांब असते, नोझल फिरवून धुई न करता सरळ धार करा. फक्त पंप आधी चांगला तीन-चार पाण्यांनी धुवा, तणनाशक मारलेला असेल तर वापरूच नका, खाली तुळस आहे, फुलझाडं आहेत, सगळी जळतील.

मीटरची पेटी, सर्व्हिस वायर, इन्व्हर्टर ह्यांच्याजवळ पाणी अजिबात नाही. तिथे वायरमनला सांगून लाईन बंद करूनच.

शिडीवर चढून मारू नका. दोन माश्या अंगावर आल्या की माणूस हात सोडतो, आणि डंखापेक्षा दहा फुटांवरून पडण्याने जास्त मोडतोड होते. जमिनीवर उभं राहून धार पोचत नसेल तर ते पोळं तुमचं काम नाही, माहितगार माणूस किंवा पेस्ट कंट्रोलवाला बोलवा. शहरात काही ठिकाणी नगरपालिकेचं अग्निशमन दल येतं, काही ठिकाणी नाही, फोन करून विचारायला हरकत नाही.

कोणीतरी सोबत पाहिजेच, एकट्याने करू नका. पळायची वाट आधी ठरवा, मधली बाज, सायकल, बादली बाजूला करा. पूर्ण पोळं भिजेपर्यंत धार धरायची, आणि थांबली की लगेच आत. रात्री बघायला जायचं नाही. सकाळी ऊन वर आल्यावर लांबून बघा, हालचाल असेल तर त्या रात्री परत. काहीच नसेल तर बांबूने पाडा आणि पोळं लगेच साबणाच्या बादलीत बुडवा किंवा खड्डा करून पुरा. बंद खणांतले कोष जिवंत राहिले तर त्यातून माश्या बाहेर पडतात. औषध मारलेलं पोळं उकिरड्यावर टाकू नका, कोंबड्या अळ्या वेचून खातात.

चावली तर

गांधीलमाशीचा काटा आत राहत नाही, ती एकच माशी पुन्हा पुन्हा चावू शकते, म्हणून आधी तिथून लांब जा. काटा राहिलेला दिसला तर ती मधमाशी होती, तो नखाने लगेच खरवडून काढा. जागा साबणाने धुवायची, कपड्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, हाताला चावली असेल तर अंगठी-बांगडी सूज यायच्या आत काढायची. लोखंड घासणं, चुना, शेण, रॉकेल, हे करण्यात वेळ घालवू नका, शेणा-मातीने उलट जखम पिकते. खाज-सुजेला सेटिरिझीनसारखी गोळी डॉक्टर देतात.

पण हे नीट वाचा आणि घरात सगळ्यांना सांगा. चावल्यावर काही मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ-घसा सुजला, आवाज घोगरा झाला, दम लागला, उलटी, चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, तर ही साधी सूज नाही. ह्याच्यावर औषध ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, मांडीच्या स्नायूत, आणि ते जितकं लवकर तितकं चांगलं. गोळी देऊन वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा, किंवा गाडी तयार असेल तर सरळ जवळचं सरकारी रुग्णालय. माणसाला आडवं झोपवा, पाय वर, दम लागत असेल तर टेकून बसवा, उठून चालायला लावू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यातून लगेच घरी आणू नका, त्रास काही तासांनी परत उठू शकतो. ॲलर्जी नसली तरी डझनभर किंवा जास्त डंख, किंवा तोंडात-घशात डंख (उसाच्या रसाच्या ग्लासात माशी पडलेली असते, पिताना बघत जा), लहान पोर, म्हातारं माणूस, ह्यांना दाखवाच. आणि भरपूर डंख बसलेल्याला नंतर एक-दोन दिवसांत लघवी लाल किंवा चहासारखी झाली, किंवा कमी झाली, तर किडनीवर परिणाम होतोय, एक तासही घालवू नका.

परत होऊ नये म्हणून, म्हणजे खरं काम

पोळं गेलं की त्याच दिवशी देठ उरलेला असतो तो पत्र्याच्या ब्लेडने मुळापासून खरवडा आणि जागा साबणाने, ब्रशने घासा. शेतात गेलेल्या, रात्री बाहेर राहिलेल्या दोन-चार माश्या पुढचे काही दिवस तिथे येऊन घुटमळतात, भिंतीला चिकटून बसतात. घाबरू नका, पोळं नसलं की त्या फारशा चावायला येत नाहीत. पण तिथे नवीन देठ दिसला की रोज संध्याकाळी काढून टाका, थकून जातात.

मग जागा बदला. लाकडी सर, चौकट, वासा, खिडकीची दारं ह्यांना ऑइलपेंट किंवा वॉर्निश, खरवडायला करडं लाकूड मिळालं नाही पाहिजे. पत्र्याच्या शेडचे लोखंडी पाईप आणि चौकोनी सेक्शन पोकळ असतात, टोकं उघडी असतात, आणि त्यात आत पोळं होतं जे बाहेरून दिसतच नाही, गेट लावताना हात जातो आणि मग कळतं. ती टोकं प्लास्टिकच्या कॅपने किंवा एम-सीलने बंद करा. व्हेंटिलेटरला मच्छरजाळी, पत्रा आणि भिंत ह्यातली फट सिमेंटने, बंद पडलेल्या कूलरला, जुन्या मीटरच्या पेटीला, न वापरलेल्या मोटरसायकलच्या कव्हरखाली एकदा नजर.

कूलरचं गळणं बंद करा, बॉल कॉक दुरुस्त करा, खालचं डबकं वाळवा, बाहेरच्या तिन्ही बाजूंना बारीक जाळी बांधा. आणि पाणी पूर्ण तोडण्यापेक्षा त्यांना दुसरीकडे द्या, आवाराच्या टोकाला झाडाखाली पक्ष्यांसाठी मातीचं भांडं ठेवतो ना, त्यात खडे टाकून, त्या तिकडे वळतात.

पऱ्हाटीचा ढीग घरापासून लांब न्या, आणि खरं सांगायचं तर हंगाम संपल्यावर ठेवूच नका. गुलाबी बोंडअळी त्याच काड्यांत आणि राहिलेल्या बोंडांत पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, कृषी खातं दरवर्षी ओरडून सांगतं की काड्या साठवू नका, श्रेडर (काड्यांचा भुगा करणारं यंत्र) फिरवा, खत करा. दोन्ही कामं एकदम होतात. केळीच्या बागेतही लोंबती वाळलेली पानं वेळच्या वेळी काढली तर घड कापणाऱ्या मजुरांच्या अंगावर पोळं येत नाही.

लवंगेचं तेल, पुदिन्याचं तेल लावल्याने माश्या टळतात का, तर थोड्या दिवस टळतात, मग वास उडतो आणि परत लावावं लागतं. नुसत्या तेलावर भिस्त ठेवू नका. कागदी पिशवी फुगवून खोटं पोळं टांगायचा प्रकार सांगतात, त्याचा मला उपयोग दिसला नाही.

तपासणीचं मी सणांना बांधून ठेवलंय, म्हणजे विसरत नाही. होळीनंतर दर आठवड्याला दिवसा लांबून एक फेरी, वळचण, सज्जा, जिन्याखाली, शेड. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी एक नीट तपासणी, कारण लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि ज्या निंबाच्या फांदीला दोर टाकायचा तिच्यावर पानांत पोळं असेल तर पहिल्या झोक्यालाच सगळ्या उठतील, म्हणून दोर टाकायच्या आदल्या दिवशी फांदी खालून नीट बघा. तिसरी श्रावणात, कानबाईला (ह्या देवीच्या सणाला) घर आवरतो, रंगवतो तेव्हा, कारण त्यानंतरच पोळी भराभर वाढतात, आणि तेव्हा राहिलेलं पोळं दसऱ्याला हाताबाहेर गेलेलं असतं.

राहता राहिलं भिंतीतलं किंवा धाब्यातलं भोक. पुष्कळ जण रागाने दिवसा जाऊन त्यात सिमेंट नाहीतर चिखल ठासतात. आत माश्या जिवंत असतील तर त्या दुसरी वाट काढतात, मऊ माती, कुजलेलं लाकूड कोरतात, आणि ती वाट घरात, लाकडी छताच्या फटीतून खाली खाटेवर निघते. आधी जाणकाराकडून आतल्या माश्या मारून घ्या, चार-पाच दिवस भोकावर ये-जा पूर्ण थांबल्याची खात्री करा, मग आतून आणि बाहेरून दोन्हीकडून भरा, आणि पुढच्या होळीला सगळ्यात आधी तेच भोक बघा.